अत्याचार झाल्यावर पहिला सवाल तिलाच का?

तापीकाठ:
परवा आमच्या ओट्यावर उडदाचे पापड लाटताना तालुक्यातल्या एका प्रकरणाचा विषय निघाला. लाटणं थांबवून एक काकू लगेच म्हणाल्या, "तठे काबर गई ती?" (तिथे कशाला गेली ती?) ज्याने केलं तो कोण, कुठला, हे शेवटचा पापड वाळत घालेपर्यंत कोणीच विचारलं नाही. 1994 ला जळगावचं वासनाकांड उघडकीस आलं. मुलींचे फोटो काढून त्यांना धमकावलं जात होतं. पण त्यानंतर जळगावची मुलगी म्हटलं की सोयरीक जुळायला अडचण यायची, काडीचा संबंध नसलेल्या मुलींचीसुद्धा. जळगावच्या मुलांना कोणी असं विचारलं?

चोपड्याचे नाना:
ताई, राग मानू नका, पण सावध राहा सांगणं म्हणजे दोष देणं नव्हे. माझी नात जळगावला क्लासला जाते. एसटी चुकली तर स्टँडवर थांबायचं नाही, सरळ आत्याकडे जायचं, हे मी तिला बजावून ठेवलंय. कायदा नंतर येतो. आणि बोलणारी बाईच होती ना? मग पुरुषांवर का घसरता?

तापीकाठ:
नाना, नातीला आधी सांगता ते बरोबरच आहे. पण काही घडल्यावर तेच तिला ऐकवलं, तर ती घरात तोंड उघडेल का? बाया बोलतात त्यामागे भीती असते. तिचंच चुकलं असं ठरवलं की आपली लेक सुरक्षित वाटते.

धुळेकर वकील:
कोर्टातही हेच झालंय. 1972 ला देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1979 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं, कारण अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983 ला कायदा बदलला. तरी तक्रारदार बाईचं चारित्र्य उकरायची मुभा पुराव्याच्या कायद्यातून 2003 ला निघाली.

रावेरकर:
आणि पोरांचं काय? वसतिगृहातल्या पोराने सांगितलं तर म्हणतात, "हात नव्हते का तुला?" केंद्राच्या 2007 च्या पाहणीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या बालकांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. पॉक्सोत, म्हणजे अठराच्या आतल्या बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, मुलगा-मुलगी भेद नाही. पण अठरा झाले की भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे आताच्या फौजदारी कायद्याच्या, बलात्काराच्या कलमात पीडित फक्त बाई. ताई, तुमच्या पोस्टमध्येही आम्ही नाहीच.

तापीकाठ:
भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तिला विचारतात का गेलीस, त्याला विचारतात का मारलं नाहीस. करणारा दोन्हीकडे मोकळा.

चोपड्याचे नाना:
पोरांचं म्हणणं पटलं. पण नुसतं नाव आलं तरी निकालाआधीच त्या पोराचं घर गावातून उठतं, तेही बघा.

तापीकाठ:
बघू ना नाना. त्याची चौकशी कायद्याने होऊ द्या, निकालाआधी त्याच्या आईबापांना कोणी त्रास देऊ नये. पण चौकशी त्याने काय केलं इथून सुरू व्हावी. तिने काय घातलं होतं, इथून नको.