हलत्या शेपटीभोवतीचा प्रवाह: लॅपटॉपवर जमेल असं काय वापरू?

शेपूटराव: मंडळी, मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला पाण्यातला रोबोट मासा घेतलाय. शेपटी दोन्ही बाजूंना 30 अंश हलते. ओपनफोम या प्रवाहाची गणितं सोडवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मेश (पाण्याचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडणारी जाळी) शेपटीबरोबर हलवतोय, पण साधारण 12 अंशांपुढे सेल पिळवटतात, निगेटिव्ह व्हॉल्यूम येतं आणि रन बसतो. लॅबमध्ये महागडं सॉफ्टवेअर आहे, पण लायसन्स एकच आणि नंबर कधी लागत नाही. लॅपटॉप 16 जीबीचा. काय करू?

कोथरूडकर: मासा पोहत पुढे जाणार की जागीच बांधलेला? आधी हे सांगा.

शेपूटराव: जागीच. पाणी समोरून सोडलंय.

कोथरूडकर: मग ओव्हरसेट. शेपटीभोवती वेगळी छोटी मेश करायची, ती मागच्या स्थिर मेशवरून सरकते, काठावरचे वेग-दाबाचे आकडे एकीकडून दुसरीकडे इंटरपोलेट होतात (आजूबाजूच्या सेलवरून अंदाजाने काढले जातात). काही ताणलंच जात नाही. मात्र ओपनफोमच्या दोन शाखा आहेत. ओव्हरसेट ओपनसीएफडीच्या शाखेत, व्ही1706 या आवृत्तीपासून. मी दुसऱ्या शाखेत दोन दिवस शोधत बसलो होतो.

फोरट्रानआजोबा: बिजागरीचं काय? धड आणि शेपटी यांच्यातल्या फटीत चार-पाच सेल तरी बसायला हवेत, नाहीतर ओव्हरसेटला तिथे इंटरपोलेट करायला काही मिळत नाही. फट नसेल तर इमर्स्ड बाउंडरी बघ. पेस्किन यांनी 1972 मध्ये हृदयाच्या झडपांसाठी काढलेली पद्धत. मेश जागची हलत नाही, वस्तूचा परिणाम पाण्यावर बल म्हणून घालायचा. खोट एवढीच, की रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहातलं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर) वाढला की पृष्ठभागालगतचा पातळ थर पकडायला मेश फार बारीक लागते. तुझा लॅपटॉप तिथे रडेल.

कोथरूडकर: फटीचा मुद्दा मान्य. माझ्या केसमध्ये बिजागरी नव्हती.

फोरट्रानआजोबा: आणि मासा नंतर. आधी सेटअप तपासायला टू-डी स्थिर सिलिंडर, रेनॉल्ड्स 100. स्ट्रूहाल नंबर (मागे भोवरे सुटण्याची वारंवारता, व्यास आणि वेगाच्या हिशोबात) 0.165 च्या आसपास आला पाहिजे. मग तोच सिलिंडर हलव. कूरंट नंबर (एका टाइम स्टेपमध्ये प्रवाह किती सेल ओलांडतो तो आकडा) 1 च्या खाली ठेव.

शेपूटराव: 0.18 आला आजोबा.

फोरट्रानआजोबा: बाजूच्या भिंती किती लांब?

शेपूटराव: व्यासाच्या तिप्पट.

फोरट्रानआजोबा: अरे, ते काय लकडी पुलाखालचं मुठेचं पात्र आहे का? दहापट तरी ने.

शेपूटराव: 0.167! आता सिलिंडर हलवतो. फट दोन मिलिमीटरची ठेवायला गाइडना विचारलंय, ओव्हरसेटच करतो.