ऑफिसच्या मेलमधल्या घातक अटॅचमेंट कशा अडवायच्या? (बजेट वर्षाला १५ हजार)

हिशेबनीस: आमचं कर सल्लागाराचं ऑफिस, ९ कॉम्प्युटर, मेल होस्टिंगवाल्याकडचेच. परवा आमच्या काकूंनी 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' उघडली. शेवटचं ईएक्सई (म्हणजे कागद नव्हे, चालू होणारा प्रोग्रॅम) दिसतच नव्हतं, चित्रही पीडीएफचंच. त्यांच्या मशीनवरच्या सगळ्या फायली लॉक. बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी दोन दिवस गेले. असल्या फायली मुळात येऊच नयेत, त्यासाठी काय करू?

सह्यकडा: फायरवॉल (नेटवरून येणारं-जाणारं तपासणारी पेटी) घ्या. आम्ही ६० हजारांचा घेतला, तीन वर्षं निवांत आहोत.

दुपारचा_चहा: बजेट १५ आहे हो! शिवाय मेल एन्क्रिप्ट होऊन (सांकेतिक रूपात) येतो, वेगळं सेटिंग केल्याशिवाय फायरवॉलला आतली फाइल दिसत नाही. मेल गूगलकडे न्या. जीमेल ईएक्सई, जेएस, व्हीबीएस असली उघडताच चालू होणारी फाइल झिपमध्ये असली तरी घेत नाही.

पेठकर: मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस आठवतो का? फाइल होती टीएक्सटी.व्हीबीएस. तेव्हाही शेपूट लपलेलंच होतं. आमचं अख्खं ऑफिस बंद पडलं होतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्सटेन्शन्स'वर (नावामागचं ते शेपूट) टिक करा, आजच. फुकट आहे.

सह्यकडा: झिपच बंद करा आणि फायरवॉल घ्याच.

करभरणी: झिप बंद कशी करणार? पक्षकार टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा झिपमधूनच पाठवतात. पासवर्डवाली झिप तेवढी रोखा, व्हायरस स्कॅनरला तिच्या आतलं तपासता येत नाही. आणि मॅक्रोचं (एक्सेल-वर्ड फाइलमध्ये दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं) बघा. २०२२पासून नेटवरून आलेल्या फाइलचे मॅक्रो मायक्रोसॉफ्ट ऑफिस आपणहून अडवतं, पण आपली माणसं प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक' करतात. जीएसटीआर-९ च्या (जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राच्या) एक्सेल टूलला मॅक्रो लागतात, तिथून ही सवय लागते. ते टूल जीएसटी पोर्टलवरूनच उतरवा, कुणी मेलवर पाठवलेलं वापरू नका.

दुपारचा_चहा: +१. आयएसओ, एलएनके, एचटीए पण रोखा, त्यांतूनही व्हायरस येतात.

पेठकर: एक्सटेन्शन दिसू द्या, पुन्हा सांगतो.

हिशेबनीस: पेठकर, नऊही मशीनवर टिक केली. बाकी रोखायची यादी वाढतच चाललीय, म्हणून उलटं करतोय. फक्त पीडीएफ, जेपीजी आणि एक्सएलएसएक्स (मॅक्रो नसलेली एक्सेल) आत येणार, बाकी सगळं बंद, झिपसुद्धा. होस्टिंगवाला पैसे न घेता करून देतोय. टॅलीचा डेटा पक्षकारांनी गूगल ड्राइव्हवर टाकायचा.

करभरणी: जुलैत पक्षकार फोन करकरून हैराण करतील, लिहून ठेवा. आणि पीडीएफमधल्या लिंकचं काय?

हिशेबनीस: लिंकसाठी सोमवारी सगळ्यांना बसवून दाखवणार आहे. फोन मी घेईन. काकू परवा संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत हो, आणि चूक त्यांची नव्हती.