मदत हवी आहे: बी-१२ कमी, दुसऱ्या खेपेचा विचार चालू आहे

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याची, वय ३१. गेल्या वर्षी पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मणक्यात दोष निघाला, स्पायना बिफिडा. डॉक्टरीणबाई बराच वेळ एकाच जागी प्रोब फिरवत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, डोक्याचा आकार लिंबासारखा दिसतोय, तोही त्याचाच भाग. बाळ राहिलं नाही. आईने शिवलेली दुपटी अजून कपाटात आहेत.

फॉलिक अ‍ॅसिड मला तिसऱ्या महिन्यात सुरू झालं होतं, पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा. नंतर कळलं की बाळाची मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोवर सगळं ठरून गेलेलं असतं! ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी, तीही दिवस राहण्याआधीपासून, एवढंच करायचं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, कुणी सांगितलं नाही. याचं दुःख जात नाही. तुमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं असेल तर तिला आजच सांगा.

आता नवीन डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. एकदा असं झालेल्या बायकांना जास्त डोस लागतो. १९९१ च्या लॅन्सेटमधल्या चाचणीत ४ मिलिग्रॅमने पुन्हा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं, असं त्यांनी समजावलं.

पण रक्तात बी-१२ फक्त १५६ निघालं, २०० च्या खाली म्हणजे कमीच. माहेरी बांगडे, तिसऱ्या (शिंपल्या) रोजच्या. सासर पूर्ण शिवराक, म्हणजे शाकाहारी, आणि दूध मला पचत नाही. बी-१२ कमी असलं तरी या दोषाचा धोका वाढतो म्हणे. शिवाय नुसतं फॉलिक अ‍ॅसिड जास्त घेतलं तर अ‍ॅनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. म्हणून इंजेक्शनं सुरू केली आहेत, एक दिवसाआड.

ज्यांना असा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावं: बी-१२ किती वर आल्यावर तुम्हाला पुढे जायला सांगितलं? किती महिने थांबलात? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जनुकीय सल्ल्यासाठी कुणी गेलं आहे का, आधी कुठल्या ओपीडीत दाखवावं लागतं?

मावशीने कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. त्यात अ जीवनसत्त्व असतं आणि ते जास्त झालं तर त्यानेही बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत डबा बंदच ठेवला आहे.

सासूबाई परवा स्वतःहून म्हणाल्या, अंडी खा, मी वेगळं भांडं काढून देते. मला रडू आलं. रोज दोन अंडी घेतली तर इंजेक्शनांनंतर पातळी टिकते का, की बी-१२ची गोळी कायमच घ्यावी लागते?