ब्लू स्लिप: एकटा सेनेटर फेडरल न्यायाधीशाची नेमणूक कशी अडवतो?

पिंपळपान:
अमेरिकेत फेडरल न्यायाधीशाचं नाव राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि सेनेट साध्या बहुमताने मंजुरी देते, इथवर कळतं. मग ज्या राज्यात जागा रिकामी आहे तिथला एकच सेनेटर ते नाव रोखून धरतो, तो कुठल्या नियमाच्या जोरावर? राज्यघटनेत असं काही सापडत नाही. आणि बहुमत हाताशी असलेला पक्ष हे ऐकून का घेतो?

सनद:
राज्यघटनेत नाहीच, सेनेटच्या स्थायी नियमांतही नाही. ही सेनेटच्या न्यायिक समितीची प्रथा आहे, साधारण १९१७ पासूनची. नाव समितीकडे आलं की त्या राज्याच्या दोन्ही सेनेटरांना निळ्या कागदावरचा फॉर्म जातो, तीच ब्लू स्लिप. पसंती किंवा विरोध नोंदवायचा, सही करायची, परत पाठवायचा.

मेख अशी की विरोध लिहून द्यावाच लागत नाही. फॉर्म परत पाठवला नाही तरी परिणाम तोच. दोन्ही स्लिपा आल्याशिवाय समितीचे अध्यक्ष सुनावणी लावत नाहीत. सुनावणी नाही म्हणून समितीत मतदान नाही, आणि समितीतून न निघालेलं नाव सभागृहापुढे येत नाही. त्यामुळे बहुमत कुणाकडे आहे हा प्रश्न उद्भवतच नाही. अधिवेशन संपलं की नियम ३१ प्रमाणे प्रलंबित नामांकनं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात. तेच नाव पुन्हा पाठवता येतं, पण अडवणूक पुन्हा तिथूनच सुरू होते. एके काळी या फॉर्मवर छापलेलं असे की आठवड्यात उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं धरू. ती मुदत कागदावरच राहिली.

स्कॉट कोलम यांचं उदाहरण बघा. बायडन यांनी मिसिसिपीच्या उत्तर जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयासाठी त्यांचं नाव दिलं. रिपब्लिकन सेनेटर रॉजर विकर यांनी स्लिप परत केली, सिंडी हाइड-स्मिथ यांनी २०२३ मध्ये नकार दिला. समिती डेमोक्रॅटांच्या हातात होती, तरी सुनावणी झाली नाही.

लेखणी:
सनद यांच्या उत्तरात एक फरक जोडायला हवा, नाहीतर गैरसमज होईल. ही अट आज सगळ्या न्यायालयांना लागू नाही. सर्वोच्च न्यायालयासाठी ती नाहीच. सर्किट म्हणजे अपील न्यायालयांसाठी फॉर्म जातो, पण तो न आल्याने काम थांबत नाही. जिल्हा न्यायालयं, केंद्राचे सरकारी वकील म्हणजे यूएस अ‍ॅटर्नी आणि फेडरल न्यायालयांची सुरक्षा सांभाळणारे यूएस मार्शल यांच्यासाठी मात्र दोन्ही स्लिपा लागतात. वॉशिंग्टन डीसीला सेनेटरच नसल्यामुळे तिथे हा अडसर येत नाही.

याचं कारण, स्लिपेला किती वजन द्यायचं हे समितीचे अध्यक्ष ठरवतात. जेम्स ईस्टलंड (१९५६–७८) यांच्या काळात एक स्लिप न येणं म्हणजे पूर्ण नकाराधिकार होता. पुढच्या काही अध्यक्षांनी तो सैल केला, पॅट्रिक लेही यांनी घट्ट पाळला. २०१७ मध्ये चक ग्रासली यांनी सर्किटपुरता तो काढला. मिनेसोटाचे सेनेटर अल फ्रँकन यांनी स्लिप दिली नसतानाही डेव्हिड स्ट्रास यांची सुनावणी झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये ते आठव्या सर्किटवर मंजूर झाले. वॉशिंग्टन राज्याच्या दोन्ही सेनेटरांचा विरोध असताना एरिक मिलर २०१९ मध्ये नवव्या सर्किटवर गेले. त्यानंतर अध्यक्षपद दोन्ही पक्षांकडे जाऊन आलं, पण हा फरक तसाच टिकला.

पिंपळपान:
मग जिल्हा न्यायालयांसाठीही ती का काढत नाहीत?

सनद:
कारण ती काढणाऱ्यालाच उद्या लागणार असते. स्लिपेमुळे व्हाइट हाउसला नाव जाहीर करण्याआधीच सेनेटरांशी बोलावं लागतं. अनेक सेनेटर स्वतःची छाननी समिती नेमून नावं सुचवतात. दोन जागा रिकाम्या असतील तर एक तुमची, एक आमची असाही सौदा होतो. अल्पमतातल्या सेनेटरकडे एवढं वजन दुसऱ्या कुठल्या मार्गाने येत नाही. ट्रम्प यांनी २०२५ च्या जुलैत प्रथा मोडायची जाहीर मागणी केली. ग्रासली पुन्हा समितीचे अध्यक्ष होते, पक्षही तोच, तरी त्यांनी मानलं नाही: स्लिपेविना आलेल्या नावाला समितीतही मतं नाहीत आणि सभागृहातही नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सभागृह ठराव करून नाव समितीकडून काढून घेऊ शकतं, पण त्यालाही तीच मतं लागतात.

लेखणी:
यूएस अ‍ॅटर्नीच्या बाबतीत पळवाट शोधली जाते: अ‍ॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) १२० दिवसांसाठी हंगामी माणूस नेमू शकतात, त्यापुढे नेमणुकीचा अधिकार जिल्हा न्यायालयाकडे जातो. न्यू जर्सीत ट्रम्प यांच्या माजी वकील अलिना हब्बा यांना या ना त्या मार्गाने पदावर ठेवण्याचा प्रयत्न झाला. डिसेंबर २०२५ मध्ये तिसऱ्या सर्किटने तो बेकायदा ठरवला. न्यायाधीशासाठी असं हंगामी पद नाही. सेनेटला सुट्टी असताना राष्ट्राध्यक्ष घटनेनुसार नेमणूक करू शकतात, पण ती पुढच्या सत्राअखेर संपते आणि ती टाळण्यासाठी सेनेट सुट्टीतही नाममात्र बैठका घेत राहतं. म्हणून स्लिप अडली की जागा रिकामीच राहते आणि तिथले खटले उरलेल्या न्यायाधीशांत वाटले जातात. ज्येष्ठ म्हणजे अर्धनिवृत्त न्यायाधीशांनी काम चालू ठेवलं असेल तर त्यांच्यावरही भार येतो.