स्प्रिंगची एअर रायफल: सकाळी एक छर्रा चांगला, दुपारी दुसरा. खरा कुठला धरायचा?

देवगडचो झील

नमस्कार मंडळी. माझ्याकडे नळी मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) भरायची स्प्रिंगची रायफल आहे, ४.५ मिमीची, वर स्कोप लावलाय. घरामागे कलमांच्या मधे टेप लावून दहा मीटर मोजून घेतलेत, शेवटी चिऱ्यांचा गडगा, गडग्याच्या पुढे वाळू भरलेला लाकडी खोका आणि खोक्यावर टार्गेटचा कागद. मुलीला शाळेतर्फे ओपन साइटला (स्कोप न लावता साध्या लोखंडी साइटने नेम धरायची स्पर्धा) उतरायचंय, तिच्यासाठी एक छर्रा पक्का करून ठेवावा म्हणून चार प्रकारचे डबे आणले. एच अँड एन फिनाले मॅच चपट्या तोंडाचे, जेएसबी एक्झॅक्ट गोल डोक्याचे, एक टोकदार आणि एक ते शिसं नसलेले हलके, ज्यांच्या डब्यावर स्पीडचा आकडा मोठा छापलेला असतो.

पडवीतल्या टेबलावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर रायफल टेकवतो आणि घट्ट दाबून धरून प्रत्येकाचे पाच पाच मारतो. सकाळी चपट्याचा ग्रुप (म्हणजे भोकांचा पसारा) १२ मिमीत आला, गोल डोक्याचा २५. मी खूश. दुपारी परत केलं तर सगळं उलटं, गोल १४ आणि चपटा तिसाच्या वर! टोकदार कधी बरा कधी वाईट, हलका तर कायमच फाकतो. छर्रा बदलला की मार मधून सरकतो म्हणून प्रत्येक वेळी स्कोप फिरवून परत मधे आणतो. आता कळत नाहीये की दोष छर्ऱ्यात शोधायचा, रायफलीत की वाऱ्यात. ज्यांनी हे नीट केलंय त्यांनी पद्धत सांगा प्लीज.

वेंगुर्ल्याचे काका

बरा केलस इचारलस ता. पहिली गोष्ट, स्कोपला हात लावायचा नाही. टेस्ट चालू आहे तोवर अजिबात नाही. छर्ऱ्याचं वजन बदललं की मार वर खाली डावी उजवी सरकणारच, त्याचा अचूकतेशी काही संबंध नाही, आपल्याला फक्त भोकं एकमेकांच्या किती जवळ पडतायत ते बघायचंय. मधे आणायचं काम शेवटी, छर्रा ठरला की. तुम्ही स्कोप फिरवत बसता तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी बदलता आणि मग कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

दुसरं ते घट्ट दाबणं. स्प्रिंगची रायफल पीसीपीसारखी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) शांत नसते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, जड पिस्टन पुढे पळतो आणि त्याच वेळी अख्खी रायफल मागे येते, मग पुढे दाबलेल्या हवेवर पिस्टन अडतो आणि रायफल उलट पुढे झटका खाते. हा सगळा गोंधळ सुरू झालेला असतो तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे रायफल कशी हलली त्यावर तो कुठे जाणार हे ठरतं. हलणं थांबवता येत नाही, प्रत्येक वेळी सारखंच हलू द्यायचं एवढंच आपल्या हातात आहे. म्हणून डावा तळवा उघडा ठेवायचा, रायफल त्याच्यावर नुसती टेकवायची, बोटांनी आवळायची नाही, तळव्याच्या खाली पाहिजे तर उशी घ्या (आमच्याकडे तूस भरलेली उशी करतात, छान बसते). दस्ता खांद्याला हलका लागलेला, गाल दर वेळी त्याच जागी. आणि तळव्याची जागा दस्त्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा, दोन बोटं पुढे मागे झाली तरी ग्रुप बदलतो.

तिसरं, पाचचा ग्रुप फार फसवतो. पाच छर्रे नशिबाने जवळ पडतात. दहाचा करा, तो पाचापेक्षा मोठाच येईल, त्याने घाबरू नका, पण तो खरा असतो. छर्रा बदलला की पहिले आठ दहा मोजायचे नाहीत, नळीला त्या छर्ऱ्याच्या शिशाची सवय व्हावी लागते. क्रम चपटा, गोल, टोकदार असा लावलात तर मग लगेच उलटा टोकदार, गोल, चपटा असा पण करा, म्हणजे हात दमल्याचा किंवा वारा उठल्याचा फटका एकट्याच छर्ऱ्याला बसत नाही. तुमच्या सकाळ-दुपारच्या गोंधळात हे सगळं मिसळलेलं आहे.

गुहागर_आगर

काका म्हणतात ते बरोबर, पण वारा हलका घेऊ नका हां. किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा असतो, सूर्य वर आला की मधे थोडा वेळ हवा पडते आणि मग दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो. तुमचा सकाळचा चपटा आणि दुपारचा चपटा यातला फरक बराचसा इथेच असणार. चपट्या तोंडाचा छर्रा हवेत लवकर वेग सोडतो म्हणून वारा त्याला जास्त ढकलतो, गोल डोक्याचा कमी. दहा मीटरला सुद्धा चांगल्या वाऱ्यात काही मिलिमीटर सरकतो, पंचवीस मीटरला तर विचारूच नका.

ओळखायची खूण सांगतो. भोकं आडवी पसरली असतील आणि त्या वेळी झावळ्या हलत असतील तर वारा. उभी पसरली असतील तर वेग कमी जास्त होतोय किंवा धरण्यात फरक पडतोय. जुने कागद टाकले नसतील तर एकदा त्या नजरेने बघा.

दापोलीचा फिटर

सगळ्यात आधी स्क्रू बघा हो. दस्त्याचे पुढचे दोन आणि ट्रिगर गार्डचे, स्प्रिंगच्या हादऱ्याने ते ढिले होतात आणि माणूस छर्ऱ्यांवर पैसे घालवत बसतो. मग स्कोपचे माउंट, स्कोप मागे सरकतोय का ते बघायला माउंटच्या मागे रेलवर मार्करने रेघ मारून ठेवा. साधा बंदुकीचा स्कोप या दुहेरी झटक्याने आतून हलतो, एअरगनसाठी बनवलेलाच लागतो, आणि तो दहा मीटरला फोकस होणारा पाहिजे नाहीतर डोळा जरा हलला की स्कोपमधला नेमाचा क्रॉस पण हलतो.

एक सोपी परीक्षा आहे. स्कोप काढा आणि लोखंडी साइटवर तोच छर्रा मारा. नळी मोडणाऱ्या बऱ्याच रायफलींत पुढची मागची दोन्ही साइट नळीच्या बाजूलाच बसवलेली असते, स्कोप मात्र मागच्या नळकांड्यावर असतो, म्हणजे नळी बंद होताना एक केसभर वेगळी बसली तरी साइट नळीबरोबरच जाते, स्कोप नाही जात. साइटवर ग्रुप लहान आला तर छर्रा निर्दोष, नळीचं कुलूप किंवा स्कोप बघा. आणि मुलगी ओपन साइटच मारणार असेल तर टेस्ट पण त्याच साइटवर केलेली बरी, नाही का?

छर्रा_आणि_काटा

छर्ऱ्यांबद्दल थोडं. दहा मीटरच्या मॅचला सगळे चपटाच वापरतात कारण कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण वाचताना वाद होत नाही. लांबवर मारायचं असेल तर गोल. टोकदाराचं टोक मधोमध असणं अवघड जातं, म्हणून तो कधी बरा कधी वाईट. हलक्याचं कारण वेगळं, तो इतका हलका की पिस्टन पुढे पुरेसा अडत नाही आणि जाऊन आदळतो, वेग आवाजाच्या जवळ किंवा पुढे गेला तर फटाका वाजल्यासारखा आवाज होतो आणि छर्रा डळमळतो. त्या डब्यावरच्या आकड्यासाठी रायफलीचे हाल करू नका.

फिनाले मॅच ४.४९, ४.५०, ४.५१ अशा वेगवेगळ्या डोक्याच्या मापात मिळतो. माप डब्यावर लिहिलेलं असतं, तुमचं कुठलं आहे ते सांगा. नळीत बसवताना अंगठ्याला जे जाणवतं ते नोंदवा, काही छर्रे सैल पडतात, काही जोर लावून बसवावे लागतात. प्रत्येक वेळी सारखाच जोर लागणारा डबा सहसा चांगला ग्रुप देतो. मागची झालर (पोकळ पातळ कड) दबलेली असेल तो छर्रा बाजूला काढा. काचेवर जरा उतार करून छर्रे घरंगळू द्या, चांगले सगळे एकाच वळणाने जातात, वाकडा लगेच वेगळा पडतो. वजन करायचं असेल तर ०.०१ ग्रॅमचा काटा उपयोगाचा नाही, ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यात जो फरक पडतो तो त्याच्याही खालचा असतो, मिलिग्रॅम दाखवणारा पाहिजे.

आपल्या हवेत उघडा डबा पावसाळाभर राहिला की शिशावर पांढरी भुकटी चढते, असे छर्रे टेस्टला घेऊ नका. हात साबणाने धुवा, आणि छर्रे तोंडात धरायची सवय मुलीला लागू देऊ नका, शिसं आहे ते.

देवगडचो झील

सगळ्यांचे मनापासून आभार. दस्त्याचा पुढचा एक स्क्रू खरंच ढिला निघाला. स्कोप काढला, काकांची तळव्याची पद्धत घेतली आणि सकाळी वारा पडलेला असताना दहा दहाचे ग्रुप उलटसुलट क्रमाने केले. चपटा १६ मिमी, उलट्या क्रमात १७. गोल १९ आणि १८. टोकदार ३१. हलके आता मारतच नाही. दुपारी चपट्याचा ग्रुप आडवा पसरला, अगदी गुहागरवाल्यांनी सांगितलं तसा. माझा डबा ४.५० चा आहे.

दोन शंका. खाऱ्या हवेने नळीच्या तोंडाला गंज धरू नये म्हणून घरचं खोबरेल लावलं तर चालेल का? आणि शेजारचे विचारतात लायसन लागतं का, वानरं हाकलायला आम्हाला पण पाहिजे म्हणून.

दापोलीचा फिटर

खोबरेल नको! ते कालांतराने चिकट होतं, आणि कुठलंही तेल पिस्टनच्या पुढच्या जागेत गेलं की दाबाने पेट घेतं, धूर येतो, वेग वरखाली होतो, सील जातं. बाहेरच्या लोखंडाला बंदुकीचं तेल फडक्यावर घेऊन हलकं पुसा आणि पावसाळ्यात खोळीत बंद करून ठेवू नका, खोळ ओल धरते.

वेंगुर्ल्याचे काका

लायसनचं असं आहे, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलच्या आतल्या एअरगनला लागत नाही, दुकानात ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. पण शेजाऱ्यांना स्पष्ट सांगा, वानरावर किंवा पाखरावर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि छर्रा अंगात राहून जनावर दिवसेंदिवस कुजत मरतं. त्यासाठी रायफल घ्यायचीच नाही.

तुमचे आकडे छान आहेत. १६, १७ आणि १८, १९ यात फरक इतका थोडा आहे की एवढ्यावर चपटा जिंकला असं मी म्हणणार नाही, अजून काही सकाळी करा. पण मॅचला चपटाच लागणार आहे तर आता ४.४९ आणि ४.५१ चा एकेक डबा आणून आपसात लढवा. आणि शेवटची फेरी मुलीच्या हातून करा, तिची पकड वेगळी, तिला जो जमेल तो खरा. ठरला की डब्यावरचा लॉट नंबर लिहून घ्या आणि त्याच लॉटचे वर्षभराचे डबे एकदम उचला, पुढचा लॉट तसाच निघेल याची खात्री नसते.