‘मंडळी उचलली जाणार’ हे मराठी चालेल का?

कॅम्पातला
पुढच्या महिन्यात इथं बेळगावात आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) उज्जीवन सभा आहेत. हँडबिल आधी कन्नडात झालं, मराठी करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. कन्नड मथळा ‘सभेय एत्तल्पडुविके’, इंग्रजीत ‘रॅप्चर’ : प्रभू येऊन विश्वासणाऱ्यांना वर नेणार ते. मी ‘मंडळीचे उचलले जाणे’ केलं आणि घरी वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘‘कोण गेलं रे?’’
अडचण हीच. आपल्याकडं ‘देवानं उचललं’ म्हणजे माणूस वारला. आणि हे तर न मरता जाणाऱ्यांविषयी आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात चौथ्या अध्यायात क्रम असा आहे : ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर ‘मेघारूढ असे अंतराळात घेतले जाऊ’. मेलेल्यांसाठी ‘पुनरुत्थान’ पक्का आहे. जिवंतांच्या जाण्याला एक सुटसुटीत शब्द सुचवा. वर कन्नड मोठ्या टायपात, मराठीला खाली एकच ओळ मिळालीय.

शहापुरी
मराठीला खालचीच ओळ का, हे आधी विचारा की मंडळीत.

कॅम्पातला
काका, मंडळीत दोन्हीकडची माणसं आहेत. सीमाप्रश्न नको, शब्द द्या.

निपाणीचा तंबाखू
‘उचल’ तर अजिबात नको. आमच्याकडं ऊसतोड टोळ्या कारखान्याकडनं उचल घेतात. ‘मंडळीची उचल’ वाचून लोक विचारतील, किती मिळाली? शिवाय ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको. मंडळी उचलली म्हणजे पोलिस केसच की वो!
सरळ ‘रॅप्चर’ लिहा. आता यूट्यूबवर सगळे पास्टर तेच म्हणतात, पोरं तेच म्हणतात.

शहापुरी
मग ‘रिझरेक्शन’ही लिहा, ‘हेवन’ही लिहा. मराठी ओळ तरी कशाला?
माझी सूचना : ‘सदेह स्वर्गारोहण’. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ‘सदेह’ म्हटलं की मरण आपोआप वगळलं जातं. मी ख्रिस्ती नाही, पण शब्द समजायला तेवढं पुरे.

खानापूरवाली
‘सदेह’ चांगलाय, ‘आरोहण’ नको. येशूचं स्वर्गारोहण हा वेगळा सण आहे, ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी. तो स्वतःच्या सामर्थ्यानं गेला. मरियेला मात्र ‘नेलं गेलं’. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मरियेला असं सदेह नेलं गेलं हे विश्वासाचा सिद्धांत म्हणून जाहीर केलं. फादर हा फरक दरवर्षी १५ ऑगस्टला, मरियेच्या त्या सणाला, समजावतात. सामान्य विश्वासणारे आपापले आरोहण करणार नाहीत, त्यांना नेलं जाणार.
आमच्या कॅथलिकांत रॅप्चर असं वेगळं शिकवत नाहीत, हेही सांगून ठेवते. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, न्याय होईल, एवढंच. घरी आजी कोंकणीत प्रार्थना म्हणायची, त्यात ‘पुनर्जिवंतपण’ होतं. मला तो शब्द ‘पुनरुत्थान’पेक्षा जवळचा वाटतो. सांगावा लागत नाही.

जुनी वही
ताई, जवळचा आहे पण ढिला आहे. येशूनं उठवल्यावर लाजर पुन्हा जिवंत झाला, नाईनच्या विधवेचा मुलगा झाला, याइराची मुलगी झाली. पुढं ते सगळे केव्हातरी मेलेच असणार. ते पुनरुज्जीवन. पुनरुत्थान म्हणजे पुन्हा कधीच न मरणाऱ्या शरीरात उठणं. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पेरलेल्या दाण्याबद्दल बोलतो ते याचसाठी : जातं ते एक, उगवतं ते दुसरं.
आणि गंमत बघा. पुनरुत्थानाला मूळ ग्रीक शब्द आहे ‘आनास्तासिस’, त्यातलं ‘स्ता’ आणि संस्कृत ‘स्था’ हे एकाच मूळ धातूचे. म्हणजे ‘उत्थान’ हा त्या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. ज्या पंडितानं निवडला त्याला ठाऊक असो वा नसो.
आता रॅप्चर. तिथं ग्रीक क्रियापद ‘हार्पाझो’, झडप घालून नेणं. आपलं ‘हरपणे’, ‘हरण’ हेच ते! ‘मंडळीचे हरण’ लिहा. सीताहरण, रुक्मिणीहरण, परंपरा आहे.

पुण्याची पाहुणी
‘स्ता-स्था’ ठीक आहे, ‘हार्प-हरप’ नाही. नुसता कानाला लागणारा सारखेपणा आहे. आणि हरण कोण करतं? रावण. हँडबिल वाचून लोक देवाला कुठल्या बाजूला बसवतील?

जुनी वही
रुक्मिणीला कृष्णानं नेलं, तेही तिच्या इच्छेनं. तेवढं सोयीनं विसरलात.

आझमनगरचा
मी शेजारचा, गप्प वाचत होतो. आमच्यात मेलेल्यांच्या उठण्याला ‘कयामत’. अरबी ‘कियाम’ म्हणजे उभं राहणं, नमाजात उभं राहतात त्यालाही कियाम म्हणतात. म्हणजे कयामत म्हणजे मुळात नाश नव्हे, उठून उभं राहण्याचा दिवस. सिनेमानं त्याचा जलजला करून टाकला.

जुनी वही
वा, भाईजान! मार्काच्या पाचव्या अध्यायात येशू याइराच्या मुलीला म्हणतो ‘तलीथा कूम’, मुली ऊठ. ते ‘कूम’ अरामी, तुमच्या ‘कियाम’च्याच धातूचं. सकाळी शाळेसाठी पोरीला हाक मारावी तसा शब्द, आणि त्याच धातूतून कयामत.

खानापूरवाली
म्हणून तर म्हणते, ‘ऊठ’ इतकं साधं असताना ‘पुनरुत्थान’ कशाला? वर्तमानपत्रात तर राष्ट्राचं पुनरुत्थान, सहकाराचं पुनरुत्थान. शब्द झिजलाय.

शहापुरी
ताई, शब्द परका नाही. कार्तिकी एकादशीला देव उठतात, तिला उत्थान एकादशी असंही म्हणतात. जड वाटतो तो ‘पुनर्’मुळं.

पुण्याची पाहुणी
मूळ प्रश्नात खरा दोष कर्मणी प्रयोगाचा आहे. ‘उचलले जाणे’, ‘घेतले जाऊ’ ही मराठीची चाल नव्हे. बेळगावी मराठीत कन्नड शिरतं ते असं.

वडगावचा
बाई, घरात कुठला कन्नड माणूस ‘एत्तल्पडुविके’ म्हणतो? ‘अल्पडु’ पुस्तकातलंच. आमच्या गल्लीत कन्नड बोलणारे ‘देवरु करकोंडु होदा’ म्हणतात, देव घेऊन गेला. कर्मणी दोन्हीकडं शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, भाषांतरातनं आलंय, कन्नडातनं मराठीत नाही.
आणि बेळगावच्या मराठीला नावं ठेवायच्या आधी एक आठवा. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी इथलेच, १८३१चा जन्म, मिशनच्या शाळेत इथंच शिकले, बाप्तिस्माही १८५४ला इथंच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचा संक्षेप त्यांनीच केला. पुण्यामुंबईचे लोक ज्या कोशावर शब्द ताडून बघत होते तो बेळगावच्या माणसानं हाताळलाय.

पुण्याची पाहुणी
नावं ठेवली नाहीत हो. व्याकरण सांगितलं.

निपाणीचा तंबाखू
तेच ते.

कॅम्पातला
कर्तरी करून बघितलं. ‘प्रभू मंडळीला नेणार’. आईची पुन्हा तीच मान हलली. ‘देवानं नेलं’ म्हणजे वारला, ‘देवानं बोलावलं’ म्हणजे वारला, ‘वर गेला’ म्हणजे वारलाच. वर न्यायची सगळी क्रियापदं आपण मरणाला देऊन टाकलीत. जिवंत माणसाला एकही शिल्लक नाही.

जुनी वही
एक आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात जुन्या करारातल्या हनोखाला मरणाचा अनुभव न येता ‘लोकांतरी नेण्यात आले’. ‘मंडळीचे लोकांतर’ लिहा. एका ओळीत बसतं.

निपाणीचा तंबाखू
स्थलांतर, धर्मांतर, लोकांतर. हँडबिलावर ‘अंतर’ दिसलं की आधी चौकीवरनं माणूस येणार.

वडगावचा
मंडळी, शब्दाआधी अर्थ तर ठरवा. थेस्सलनीकाकरांच्या त्याच ‘मेघारूढ’ ओवीत ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’ आहे. तिथला ग्रीक शब्द ‘अपान्तेसिस’. प्रेषितांची कृत्ये शेवटच्या अध्यायात रोमचे बंधू पौलाला सामोरे आले तिथं तोच, आणि मत्तयाच्या पंचविसाव्यात दहा कुमारींना वराला सामोऱ्या चला अशी हाक येते तिथंही तोच. रोमचे बंधू पौलाला घेऊन रोमलाच परतले. तयार असलेल्या कुमारी वराबरोबर लग्नाला आत गेल्या. आपल्याकडं सीमांतपूजनाला वधूकडचे वेशीवर जातात ते वराला गावात आणायला, त्याच्याबरोबर त्याच्या गावाला पळून जायला नव्हे. मग ‘उचलून नेणार’ हा अर्थच डळमळतो. मंडळी वर जाते ती राजाला खाली आणायला.

कॅम्पातला
दादा, आमचे पाळकसाहेब असं शिकवत नाहीत. आधी मंडळी जाणार, मग सात वर्षांचं संकट, मग प्रभूचं येणं.

वडगावचा
ती मांडणी इंग्लंड-आयर्लंडकडच्या जॉन नेल्सन डार्बीची, १८३०च्या आसपासची. पुढं स्कोफील्डच्या टीपांच्या बायबलानं, १९०९ साली, ती अमेरिकेत घराघरांत नेली. तिथनं ती आपल्या हँडबिलापर्यंत आली. आपले आजेपणजे ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात ‘प्रभू उठला आहे’ म्हणायचे तेव्हा त्यांना दोन टप्प्यांचं येणं ठाऊक नव्हतं.

कॅम्पातला
उशिरा समजलं म्हणून खोटं होतं का? ओवी तर पौलाची आहे, डार्बीची नाही.

खानापूरवाली
ओवी कुणाच्याच विरोधात नाही. भांडण तुमच्या वेळापत्रकाचं आहे.

शहापुरी
कन्नड शास्त्रात इथं काय आहे? त्यावरनं काही सुचेल.

वडगावचा
‘मेघवाहनरागि’. ढगांना वाहन करून. आपलं ‘मेघारूढ’ तेच. दोन्हीकडं पंडितांनी कालिदासाला कामाला लावलंय.

पुण्याची पाहुणी
‘मेघारूढ मंडळी’! दोन शब्द, एक ओळ, कर्मणी नाही, कुणी मेलंही नाही.

निपाणीचा तंबाखू
विमान कंपनीची जाहिरात वाटते.

कॅम्पातला
मला आवडलं, पण पाळकसाहेब म्हणतील नेणारा कुठं दिसतो त्यात? प्रेसवाला संध्याकाळी मजकूर मागतोय. त्यानं चित्र मात्र छापूनच ठेवलंय, ढग आणि तुतारी.

शहापुरी
तुतारी? शास्त्रात ‘शेवटला कर्णा’ आहे ना? कर्णा सरळ, तुतारी वाकडी. चित्र बदलायला सांगा.

जुनी वही
करिंथकरांत कर्णा, थेस्सलनीकाकरांत तुतारी, ग्रीकात दोन्हीकडं ‘साल्पिंक्स’च. ते सरळ असायचं, म्हणजे कर्णाच बरोबर.

निपाणीचा तंबाखू
तुतारी ठेवली तर हँडबिल कागलच्या पलीकडं वाटू नका. तिकडं ते निवडणुकीचं चिन्ह आहे.

शहापुरी
पण देवळात पालखीपुढं वाजवतात ते शिंग, त्याला कर्णा म्हणतात का तुतारी? आमच्या गल्लीत दोन्ही म्हणणारे आहेत.