मदत हवी आहे : कच्छच्या शंखाच्या लेबलवर कुल कोणतं लिहू?

मंडळी, बडोद्याला एका मराठी शाळेत भूगोल शिकवते. दगडांचं जुनं कपाट प्रदर्शनासाठी लावायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. अकीक, बेसॉल्ट वगैरे निभावलं, अडलंय ते एका शंखापाशी.

शंख कसला, शंखात भरलेल्या गाळाचा दगड झालेला साचा. कवचाचा कपटाही शिल्लक नाही. दीड वीत लांब, टोक मोडलेलं, पिवळट चुनखडी. वेढ्यांच्या आतल्या अंगाने दोन उथळ खाचा गोल फिरत वर जातात. जुन्या चिठ्ठीवर फिकट शाईत एवढंच : ‘सेरिथियम जायगँटियम, कच्छ’.

हे नाव फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १८०४ मध्ये पॅरिसकडच्या इओसीन (डायनासोर संपल्यानंतरच्या एका कालखंडातल्या) शंखाला दिलं होतं आणि आता तो कॅम्पॅनाइल प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) गेलाय, इथवर पोचले. पण जुन्या पुस्तकांत कुल (म्हणजे जवळच्या प्रजातींचा मोठा गट) सेरिथिइडी, नव्यांत कॅम्पॅनिलिडी. या दुसऱ्या कुलातले जवळजवळ सगळे नामशेष. इओसीनमध्ये टेथिस या प्राचीन समुद्रभर पसरलेले, आज नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर कॅम्पॅनाइल सिम्बॉलिकम ही एकच जाती जिवंत.

कुल वेगळं केलं ते कशाच्या जोरावर? आणि नुसत्या साच्यावरून मी ते लिहू शकते का? ‘नेटवर फोटो जुळवा’ असं कृपया सांगू नका. हा बाबा हव्या त्या फोटोशी जुळतो.

सागरगोटा : ताई, पहिल्याचं उत्तर त्या एकुलत्या जिवंत गोगलगायीच्या पोटात आहे. शंखतज्ज्ञ रिचर्ड हूब्रिक यांनी १९८१ मध्ये तिच्या शरीररचनेचा सविस्तर अभ्यास छापला. कवच सेरिथियमच्या वळणाचं, पण आतला कारभार त्या कुलात बसेना. पुढे शुक्रपेशींच्या सूक्ष्म रचनेतही वेगळेपण दिसलं. हल्ली तर सेरिथियॉइडिआ अधिकुलातूनही (कुलांच्या मोठ्या गटातूनही) बाहेर काढून कॅम्पॅनिलॉइडिआ हे स्वतंत्र अधिकुल मानतात. कुलाचं नाव मात्र फ्रेंच जीवाश्मतज्ज्ञ डूव्हियेंचं, १९०४ सालचं.

मेख अशी की जीवाश्मात ना मऊ शरीर, ना शुक्रपेशी. तिथे सगळी भिस्त कवचाचा घाट, नक्षी आणि वेढे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या खांबावरच्या घड्यांवर. तुमच्याकडे कवचच नाही. त्या खाचा बहुधा घड्यांचे ठसे, तेवढा धागा आहे.

खडकवेडा : कुलाच्या आधी काळ ठरवा! कच्छ म्हटलं की भुजच्या आसपासचा जुरासिकही (डायनासोरांच्या काळातला खडक) आला आणि लखपतकडचा इओसीनही. नेरिनिया गटातल्या लांबुळक्या शंखांच्या साच्यांवरही अशा खाचा असतात, बऱ्याचदा जास्त खोल, आणि तो गट क्रेटेशियसमध्येच (डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात) संपला. साच्याला चिकटलेला खडक भिंगाखाली बघा. न्युम्युलाइट (इओसीनच्या आसपासच्या एकपेशी सागरी जीवांची चकतीसारखी कवचं) दिसले तर जुरासिकचा विषय मिटला. व्हिनेगरने धुऊ नका हं, चुनखडी विरघळते.

धागाकर्ती : पाहिलं. बुडाशी मसुराएवढ्या चपट्या चकत्या आहेत. एक आडवी फुटलीय, तिच्यात गुंडाळत गेलेले बारीक बारीक कप्पे दिसताहेत. फोटो टाकलाय.

खडकवेडा : न्युम्युलाइटच. मग लिहा : ‘कॅम्पॅनाइल? (आतला साचा), कुल बहुधा कॅम्पॅनिलिडी, पॅलिओजीन, कच्छ’. पॅलिओजीन म्हणजे इओसीन ज्यात येतो तो मोठा कालखंड. प्रश्नचिन्हाची लाज बाळगू नका, संग्रहालयांतही लावतात. जायगँटियम काढा. नक्षीशिवाय जातीपर्यंत पोचणं कठीण, आणि पॅरिसचं नाव कच्छला चिकटवायची ती जुनी सवय.

सागरगोटा : सहमत. फक्त जुनी चिठ्ठी फेकू नका, नव्या लेबलमागे ठेवा. ‘कच्छ’ ही माहिती तिच्याशिवाय कुठेच नाही. नमुना कोणी दिला, कुठल्या गावचा, हे शाळेच्या जुन्या नोंदवहीत मिळतंय का बघा. आणि सयाजीराव विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग तुमच्या गावातच आहे की! सुट्टीच्या आधी गाठा, नंतर सगळे फील्डवर जातात.

धागाकर्ती : उद्याच नोंदवही काढते. शिपाईकाकांकडे किल्ली आहे म्हणे.